मशागत पावसाआधी, कागद दुखण्याआधी



कृषी खात्याच्या नोकरीत माझी तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत पीक विम्याचे किती अर्ज मी भरून घेतले असतील, त्याची गणती नाही. २०२३ साली राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा मी पाहिल्या आहेत. सातबारा, आठ अ, बँकेचे पासबुक, सगळे पिशवीत घालून लोक पहाटेपासून उभे असत. सोयाबीन वाळले तर काय, कांदा भिजला तर काय, याचा विचार आपण पेरणीच्या वेळीच करून ठेवतो. पण ते पीक काढणारे माणूसच अंथरुणाला खिळले तर काय, हा विचार मात्र मनात येत नाही.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? मीही तो केला नव्हता. सगळ्या तालुक्याचे अर्ज भरणाऱ्या या माणसाने आपल्या सख्ख्या बहिणीचे कागद कधी उघडून पाहिले नाहीत. त्याची किंमत तिने मोजली. ती हकीकत आधी सांगतो आणि मग मधुमेह असलेल्या, पण विमा नसलेल्या माणसाला आज कोणकोणता आधार मिळू शकतो, ते एकेक करून सांगतो.

आक्काचा पाय

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, जुन्नर तालुक्यातल्या एका गावात राहते. मेहुणे वारले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पाऊण एकर विहिरीखालचे रान आणि एक दुभती गाय, एवढा तिचा संसार. मुलगा घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर एका चाळीत राहतो आणि अंधेरीजवळ साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो.

आक्काला साखरेचा आजार आहे हे गावातल्या एका शिबिरात कळले होते. गोळ्या चालू झाल्या. दोन महिने घेतल्या, बरे वाटले, की बंद. "मला काय धाड भरलीय? कामं तर सगळी होतात," असे ती म्हणायची, आणि आम्ही ऐकून घ्यायचो.

२०२३ च्या डिसेंबरात कांद्याची लागण चालू होती. चिखलात अनवाणी उभी असताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तिला कळलेही नाही. वाचकहो, मधुमेहाची हीच खरी कपटी बाजू आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या शिरांतली जाणीव कमी होते. दुखले असते तर तिने काटा काढला असता. दुखलेच नाही, म्हणून आठ दिवस पाय तसाच चिखलात राहिला. भाच्याचा फोन आला, "मामा, आईच्या अंगठ्याशेजारी काळं पडलंय. मी तिला मुंबईला घेऊन येतो."

माळशेज घाटाने तो तिला घाटकोपरला घेऊन आला आणि घराजवळच्या एका खाजगी इस्पितळात दाखल केले. साखर चारशेच्या वर. अनामत रक्कम भरायला सांगितली, ती भरली. भाच्याने २०२१ साली एका एजंटाकडून आईच्या नावाने आरोग्य विमा घेतला होता. तो कागद त्याने विश्वासाने पुढे केला. तीन दिवसांनी कंपनीचे उत्तर आले की अर्जात मधुमेह नाही असे लिहिले आहे, सबब दावा नामंजूर. एजंटाने त्याला तेव्हा सांगितले होते, "साखरेचं लिहू नका, हप्ता वाढतो." त्याने ऐकले. आम्ही दोघांनीही अर्ज वाचला नव्हता.

मग कोणीतरी जनआरोग्य योजनेचे नाव काढले. ते इस्पितळ त्या योजनेत नव्हते. शिवाय भाच्याला वाटत होते की गावची शिधापत्रिका मुंबईत चालत नाही. शिधापत्रिका गावी ट्रंकेत होती, ती मागवली, तर त्यात आक्काचे नाव दिराच्या एकत्र कार्डात होते आणि तेही माहेरच्या लाडक्या नावाने. आधारवर नाव वेगळे. त्या धावपळीत पाच दिवस गेले. गाय विकली गेली. शेवटी पालिकेच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, दोन बोटे गेली. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर आधी आणलं असतं, तर बोटंही राहिली असती."

घरी आल्यावर भाच्याची पगाराची चिठ्ठी सहज माझ्या हातात आली. सोळा हजार पगार, आणि त्यातून दरमहा १२० रुपये कापलेले. पुढे लिहिले होते 'ई. एस. आय.' मी विचारले, "हे काय आहे?" तो म्हणाला, "कापतात काहीतरी, मामा."

ते 'काहीतरी' म्हणजे कामगार राज्य विमा होता. त्यात आईचे नाव घालता आले असते. म्हणजे गावाजवळ फुकट गोळ्या देणारे आरोग्य केंद्र होते, सरकारची योजना होती, मुलाच्या पगारातला विमा होता. तिन्ही दारांच्या किल्ल्या आमच्याच कनवटीला होत्या आणि आम्ही दाराबाहेर उभे राहून गाय विकली.

हा आजार आता शहराचा राहिला नाही

'साखर ही श्रीमंतांची व्याधी, राबणाऱ्याला ती होत नाही,' ही समजूत आता सोडून द्यावी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत. मुंबई महापालिकेने २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांची पाहणी केली, तेव्हा दर शंभरात सुमारे १८ जणांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. त्या मुंबईत, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या चाळींत आणि वसाहतींत, तुमचीआमचीच मुले राहतात. आणि दुखणे वाढले की गावचे आईबाप त्यांच्याकडेच जातात. म्हणून पुढची माहिती गावच्या आणि मुंबईच्या, दोन्ही घरांसाठी आहे.

मधुमेहाचा खर्च दोन प्रकारचा असतो, हे आधी ध्यानात घ्या. एक रोजचा, म्हणजे गोळ्या, तपासण्या, इन्शुलिन. दुसरा अचानक येणारा, म्हणजे पायाची जखम, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे, डोळ्यांचा पडदा खराब होणे. पहिला खर्च पाटाच्या पाण्यासारखा सतत वाहतो, दुसरा पुरासारखा येतो. या दोन्हींसाठी दारे वेगवेगळी आहेत. लोक चुकतात ते येथेच. रोजच्या गोळीसाठी विमा शोधतात आणि दाखल व्हायची वेळ आली की खिसा चाचपतात.

रोजची गोळी

रोजच्या गोळीसाठी विम्याची गरज नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सर्व त्यात येतात. केसपेपरचेही पैसे नाहीत. ३० वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तुमच्या गावची आशाताई त्यासाठी घरोघर फॉर्म भरून घेते. ती दारात आली की "आम्हाला काही झालं नाही" म्हणून तिला परत पाठवू नका.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ६.५ किंवा अधिक आली, तर ती पुन्हा करून खात्री करतात आणि उपचार सुरू होतो. मेटफॉर्मिनसारख्या नेहमीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मिळतात. ग्रामीण रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा वेगळा कक्ष असतो, तेथे नाव नोंदवा. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जा. सरकारी साठा कधी कधी संपतो, हे मी नाकारत नाही. तेव्हा जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचे साधे नाव सांगून घ्या. नामांकित छापाच्या गोळीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. मात्र गोळी बदलायची किंवा सोडायची, ती डॉक्टरांना विचारूनच.

मुंबईत गेलात तर महापालिकेचे दवाखाने आहेत, आणि २०२२ पासून पालिकेने 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' या नावाचे दवाखाने वस्तीवस्तीत उघडले आहेत. तेथे तपासणी, औषधे आणि रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या मोफत होतात, आणि कामावरून आल्यावर संध्याकाळीही जाता येते. दुखणे वाढलेले असेल तर घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल रुग्णालय, कांदिवलीला शताब्दी म्हणून ओळखले जाणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, आणि अंधेरीकरांना विलेपार्ले-जुहूचे कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालये आहेत. पालिकेच्या रुग्णालयात केसपेपरचे थोडे पैसे पडतात, पण ते खाजगी इस्पितळाच्या मानाने काहीच नाहीत.

दाखल व्हावे लागले तर

येथे उपयोगी पडते ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत मुंबई शहर व मुंबई उपनगर होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार असे संरक्षण लागू झाले. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती.

या योजनेची दोन वैशिष्ट्ये मधुमेहाच्या रुग्णाने पाठ करून ठेवावीत. पहिले, आजार आधीपासून आहे म्हणून येथे कोणी नाकारत नाही आणि थांबायलाही सांगत नाही. हप्ता तर नाहीच. दुसरे, योजना राज्याची आहे. जुन्नरची शिधापत्रिका घाटकोपरला चालते, साताऱ्याची मुलुंडला चालते, रत्नागिरीची बोरिवलीला चालते. आमच्या भाच्याला एवढे एक वाक्य ठाऊक असते, तर पाच दिवस वाचले असते.

पिवळे व केशरी कार्ड, अंत्योदय, अन्नपूर्णा हे तर त्यात आहेतच. राज्याचा रहिवासी असलेल्या पांढऱ्या कार्डवाल्या कुटुंबांनाही आता ती लागू आहे. आणि घरात कोणी सत्तर वर्षे पूर्ण केलेले असेल, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावरही वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. वय आधार कार्डावरून धरतात. आपल्याकडे कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून अशी लिहिलेली, आणि सालही अंदाजाने घातलेले. ते साल चुकले असेल तर आताच दुरुस्त करून घ्या.

योजनेत कित्येक उपचार आहेत. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवणे, बायपास, मूत्रपिंड निकामी झाल्यावर करावे लागणारे डायलिसिस हे त्यात येतात. पण प्रत्येक इस्पितळ योजनेत नसते, आणि योजनेतल्या इस्पितळातही प्रत्येक उपचार होत नाही. म्हणून रिक्षात बसण्याआधी एक फोन करा. योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे, तसेच १८०० २३३ २२०० हाही आहे. "अमुक आजार आहे, घाटकोपरला आहोत, जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते?" एवढे विचारा. अंगीकृत म्हणजे योजनेशी करार केलेले. तेथे दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटा आणि कागद दाखवा. मंजूर उपचारासाठी कोणी पैसे मागितले, तर त्याच क्रमांकावर तक्रार करता येते.

एक खुलासा करतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेलाच पुष्कळ शेतकरी आपला आरोग्य विमा समजतात. ती अपघातासाठी आहे, सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का अशा प्रसंगांसाठी. आजारपणाला तिचा उपयोग नाही.

मुलाच्या पगारातला विमा

आता ज्यांची मुले-मुली मुंबईत कारखान्यात, गोदामात, दुकानात, हॉटेलात किंवा सुरक्षा रक्षक म्हणून कामाला आहेत, त्यांनी नीट वाचावे. कामगार राज्य विमा १९४८ च्या कायद्याने आला. लागू असलेल्या आस्थापनेत २१ हजारांपर्यंत मासिक वेतन असलेला कामगार यात येतो. ही मर्यादा २०१७ पासूनची आहे. त्याच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी जाते. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला दवाखाना, औषध, दाखल होणे हे सर्व मिळते. मधुमेह आधीचा आहे म्हणून येथेही अडवत नाहीत. आणि जनआरोग्य योजनेत जे मिळत नाही, ती रोजची गोळी या विम्यात मिळते.

कुटुंबात अवलंबून असलेले आईवडीलही धरले जातात, मात्र त्यांचे स्वतःचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवे. त्यांचे नाव, फोटो आणि आधार मुलाच्या विमा क्रमांकाला जोडावे लागते. ते आपोआप होत नाही. मुंबई उपनगरात कांदिवलीला आणि मुलुंडला या विम्याची रुग्णालये आहेत, आणि वस्त्यांजवळ दवाखाने आहेत. मोठ्या उपचारांसाठी नोकरीचे काही महिने पूर्ण झालेले असावे लागतात, ते दवाखान्यात विचारून घ्यावे.

तेव्हा आज रात्री मुंबईला फोन कराल, तेव्हा "जेवलास का?" विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा. "पगारातून ई. एस. आय. कापतात का रे? त्यात आमची नावं घातलीस का?"

धर्मादाय इस्पितळे

मुंबईतली काही मोठमोठी इस्पितळे धर्मादाय न्यासांची आहेत. बाहेरून काचेचा वाडा दिसतो आणि आपला माणूस पायरी चढायला धजत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. अंधेरीचे कोकिळाबेन आणि विलेपार्ल्याचे नानावटी ही अशा धर्मादाय इस्पितळांपैकी आहेत.

तेथे गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवा आणि अर्ज द्या. अर्ज दाखल होतानाच द्यावा. बिल हातात पडल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. खाटा भरलेल्या आहेत असे सांगितले, तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत रकमेसाठी त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

विकतचा विमा घ्याल तर खरे लिहा

आता कोणी विचारील, पैसे भरून विमा घ्यावा की नाही? मधुमेह असलेल्याला तो मिळतच नाही, ही जुनी समजूत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली नियम बदलले. सर्व वयांच्या आणि आधीपासून आजार असलेल्या लोकांसाठीही योजना असाव्यात, असे कंपन्यांना सांगण्यात आले आहे. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे, तो आता जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. सर्व कंपन्यांत जवळजवळ सारखीच अशी 'आरोग्य संजीवनी' नावाची साधी पॉलिसी २०२० पासून मिळते. तिच्यात प्रत्येक दाव्यातला पाच टक्के भार आपल्याला उचलावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा वस्तू व सेवा कर काढून टाकला आहे, तेवढा हप्ता हलका झाला.

तीन वर्षे थांबायचे म्हणजे काय, हे आंबा लावणाऱ्याला सांगायला नको. कलम आज लावले म्हणून उद्या आंबा लागत नाही. तेवढी वर्षे पाणी घालावे लागते, आणि एक उन्हाळा चुकला तर कलम जळते. विम्याचा हप्ताही असाच खंड न पाडता भरावा लागतो. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन मधुमेहाला लवकर संरक्षण देतात. तेव्हा घेण्याआधी "थांबायचा काळ किती?" हा प्रश्न आधी विचारा, हप्ता नंतर.

आणि अर्जात खरे लिहा. एजंट काही म्हणो. साखर, रक्तदाब, आधीची शस्त्रक्रिया, चालू गोळ्या, सगळे. लपवलेला आजार म्हणजे बियाण्यात मिसळलेला खडा. पेरताना दिसत नाही, उगवताना जागा रिकामी राहते. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून, पटली नाही तर परत करता येते. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही. आमच्या भाच्याला मी तेथे पाठवले नाही. कारण अर्जावर सही त्याची होती आणि लिहिलेले खोटे होते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, पिवळ्या-केशरी कार्डाच्या कुटुंबाने दुधाचे पैसे हप्त्यात घालण्याआधी मोफत मिळणारी दारे उघडून ठेवावीत. मुंबईच्या मुलाचा पगार कामगार विम्याच्या मर्यादेबाहेर गेला आणि झेपत असेल, तर त्याने विकतचा विमा जरूर घ्यावा, आणि तो साखर निघण्याआधी, तरुणपणीच घ्यावा. उशिरा पेरलेल्या गव्हाला उतारा कमी पडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

ही पिशवी आज भरा

वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर कोणी नांगर शोधायला निघत नाही. तसेच हे आहे. एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्या. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचे आधार कार्ड ठेवा. शिधापत्रिका ठेवा, आणि ठेवण्याआधी नावे तपासा. वाटणी झाली असेल, सून आली असेल, कोणी वारले असेल, तर तालुक्याच्या पुरवठा शाखेत जाऊन कार्ड नीट करून घ्या. शिधापत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव एकसारखे हवे. शिधापत्रिकेचा बारा आकडी ऑनलाइन क्रमांक रेशन दुकानदाराकडून लिहून घ्या. मग सेवा केंद्रात किंवा आशाताईंच्या मदतीने प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढा. त्याला पैसे लागत नाहीत. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि मुदत संपली की नवा घ्या.

या सगळ्यांबरोबर एक शंभर पानी वही ठेवा. तिच्यात तारीख, साखर किती, गोळी कोणती, डॉक्टरांचे काय म्हणणे, एवढे लिहीत जा. आईवडील चार महिने गावी आणि दोन महिने मुलाकडे मुंबईला, असे आता घरोघर चालते. गावचा डॉक्टर वेगळा, मुलुंडचा वेगळा. वही बरोबर असली की उपचाराचा धागा तुटत नाही. आणि सगळ्या कागदांचे फोटो मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये असू द्या. ट्रंकेतला कागद रात्री अकरा वाजता घाटकोपरला पोचत नाही.

शेवटी पायाविषयी. साखर असलेल्या माणसाने रानात अनवाणी जाऊ नये. रोज रात्री पाय धुऊन कोरडे करावेत आणि दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडांना पाहायला सांगावे. जखम दिसली तर हळद लावून घरी बसू नये, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

आक्का आता बरी आहे. दर महिन्याला स्वतः चालत आरोग्य केंद्रात जाते आणि गोळ्या घेऊन येते. तिचे नाव भाच्याच्या विमा क्रमांकाला जोडले गेले आहे आणि शिधापत्रिकाही वेगळी झाली आहे. गाय मात्र पुन्हा घेता आली नाही. परवा कांद्याच्या लागणीला मी तिच्याकडे गेलो होतो. बांधावर तिची कागदांची पिशवी दिसली. मी म्हणालो, "आक्का, ही रानात कशाला आणलीस?" ती बूट घातलेल्या पायांनी चिखलातून वर आली आणि म्हणाली, "घरी उंदीर लागत्यात रं भाऊ. गाय गेली, आता हिला तरी जपू दे."

तुमची पिशवी कोठे आहे, ते आज संध्याकाळी एकदा पाहा. नसेल, तर उद्याच्या बाजारातून आणा.